अलीला थांबवायचं कुणी?

28 एप्रिल 1967. ह्यूस्टनच्या लष्करी भरती केंद्रात नाव पुकारलं गेलं आणि मुहम्मद अली जागचा हलला नाही. व्हिएतनामला जाणार नाही हे तो आधीपासून सांगत होता. त्या दिवशी त्याने ते करून दाखवलं. खटला अजून उभाही राहिला नव्हता, दोषी ठरणं तर दूरच. पण तासाभरात न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅथलेटिक कमिशनने त्याचा बॉक्सिंगचा परवाना स्थगित केला आणि त्याला विश्वविजेता मानायला नकार दिला. नोटीस नाही, सुनावणी नाही. मागोमाग इतर राज्यांनीही दारं लावून घेतली. पंचविशीतला, 29 पैकी 29 लढती जिंकलेला, आपल्या विद्येच्या ऐन भरातला माणूस साडेतीन वर्षं रिंगबाहेर बसला.

आता 1980 चा उन्हाळा. अली 38 वर्षांचा आहे, जवळपास दोन वर्षांत त्याने एकही खरी लढत दिलेली नाही आणि तेव्हाच्या विश्वविजेत्या लॅरी होम्सविरुद्ध उतरायचं म्हणतोय. त्याची जीभ जड झालेली लोकांच्या कानांना कळत होती, म्हणून नेवाडा राज्याच्या कमिशनने वैद्यकीय तपासणीची अट घातली. मेयो क्लिनिकच्या अहवालात काही नोंदी आहेत. एका पायावर उड्या मारायला सांगितल्या तर त्या पूर्ण सफाईने जमत नाहीत. बोट नाकाला लावण्याच्या चाचणीत नेम थोडा चुकतो. बोलणं पूर्वीसारखं स्वच्छ नाही. मेंदूतल्या एका पातळ पडद्यात फट दिसते. आणि एवढं लिहून शेवटी निष्कर्ष असा, की लढायला मनाई करावी असं ठोस काही आढळलं नाही. परवाना मिळाला.

पहिली गोष्ट जगाला तोंडपाठ आहे. 3 जून 2016 ला अली गेला तेव्हा मृत्युलेखांत ती होतीच. दुसरी गोष्ट एखाद्या ओळीत उरकली गेली, ‘शेवटची काही वर्षं त्याने थांबायला हवं होतं’ एवढ्यावर. माझं म्हणणं असं आहे की या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. एकाच जातीच्या दोन सरकारी मंडळांच्या हातात एकच अधिकार होता. निरोगी माणसाला थांबवण्यासाठी तो तासाभरात वापरला गेला. थकलेल्या, जड जिभेच्या माणसाला थांबवायची वेळ आली तेव्हा तो कपाटात राहिला. अलीच्या वारशात हा अधिकारही येतो, आणि तो कुणी, कुणाच्या सांगण्यावरून आणि कुणाच्या पैशावर वापरायचा, हा प्रश्न बॉक्सिंगने अजून सोडवलेला नाही.

1967 चा निर्णय किती पोकळ होता हे पुढे न्यायालयातच उघडं पडलं. 1970 मध्ये अलीच्या वकिलांनी न्यूयॉर्क कमिशनचंच दप्तर तपासायला घेतलं. खून, दरोडा, बलात्कार अशा गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या दोनशेहून अधिक जणांना याच कमिशनने खुशाल परवाने दिले होते, असं त्यातून निघालं. मग नैतिकतेचा कळवळा एका अलीपुरताच कसा, असं न्यायाधीशांनी विचारलं आणि परवाना परत द्यायला लावला. लष्करभरती नाकारल्याबद्दल त्याला पुढे झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 28 जून 1971 ला, आठ विरुद्ध शून्य मतांनी रद्द केली. पण त्याआधीच, 26 ऑक्टोबर 1970 ला, तो अटलांटात जेरी क्वॉरीविरुद्ध उतरला होता. अटलांटाच का? कारण जॉर्जिया राज्यात राज्यपातळीचं बॉक्सिंग कमिशनच नव्हतं. नियामकांनी अडवलेल्या माणसाला जागा मिळाली ती नियामक नसलेल्या राज्यात. ही पळवाट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे ती याच लढतीतल्या दुसऱ्या माणसाच्या जिवावर उठली.

साडेतीन वर्षांत काय गेलं? पैसा गेला, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाय गेले. 1960 च्या दशकातला अली पाहिला तर थक्क व्हायला होतं. हेवीवेट माणूस हात कमरेपाशी सोडून नाचतो, डोकं इंचभर मागे घेतो आणि समोरच्याचा ठोसा हवेत जातो. त्याचा बचाव हातांत नव्हताच, तो पायांत होता. परतला तेव्हा ते पाय पहिल्यासारखे चालेनात. त्याचा डॉक्टर फर्डी पचेको सांगायचा की परतलेल्या अलीला एक घातक शोध लागला: आपल्याला मार सोसता येतो. पूर्वी ठोसे चुकवून जिंकणारा माणूस आता ठोसे पचवून जिंकू लागला.

याच शोधावर पुढची सगळी कीर्ती उभी आहे, आणि म्हणूनच ती डोळ्यांत घालून बघणं अवघड जातं. 8 मार्च 1971 ला जो फ्रेझरने पंधराव्या फेरीत डाव्या हुकने त्याला आडवा केला, तो उठला आणि लढत पूर्ण केली. 1973 मध्ये केन नॉर्टनने जबडा मोडला. 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात तो दोरांवर रेलून जॉर्ज फोरमनचे ठोसे अंगावर घेत राहिला आणि आठव्या फेरीत दमलेल्या फोरमनला खाली पाडलं. या युक्तीचं आजवर इतकं कौतुक झालं आहे की ती लढत म्हणजे बुद्धिबळाचा डाव वाटावा. डाव होताच. पण त्या डावात खर्ची पडत होते ते स्वतःच्या बरगड्या, मूत्रपिंडं आणि डोकं. आणि हे फक्त लढतीच्या रात्री नव्हे. पेनसिल्व्हेनियातल्या डिअर लेकच्या तळावर सरावातही तो सोबतच्या बॉक्सरांना मारू द्यायचा, सवय राहावी म्हणून. त्या ठोशांची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही. बॉक्सरच्या नावापुढे 56 विजय आणि 5 पराभव लिहिलेले असतात. सरावात डोक्यावर काय काय बसलं, याचा रकाना नसतो.

1 ऑक्टोबर 1975 ची मनिलातली फ्रेझरविरुद्धची तिसरी लढत तर दोघांनाही संपवून गेली. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझरचा कोच एडी फचने त्याला उठू दिलं नाही. फ्रेझर विनवत होता, एकच फेरी उरली होती, जरी गुणांत तो मागे पडला होता. फचने ऐकलं नाही. जिंकलेला अली नंतर म्हणाला की मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो. तिथे थांबला असता तर? तो थांबला नाही. 29 सप्टेंबर 1977 ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अर्नी शेव्हर्सविरुद्ध तो पंधरा फेऱ्या उभा राहिला. शेव्हर्स म्हणजे त्या काळातला सर्वांत जड हाताचा माणूस. अली जिंकला, पण लढतीनंतर गार्डनसाठी लढती जुळवणाऱ्या टेडी ब्रेनरने जाहीर केलं की आपण अलीला इथे पुन्हा लढवणार नाही. डॉक्टर पचेकोच्या हाती तपासण्यांचे निकाल आले. मूत्रपिंडांचं काम बिघडत चाललं होतं. त्याने प्रती काढून अलीला, त्याच्या पत्नीला आणि व्यवस्थापक हर्बर्ट मुहम्मदला पाठवल्या. एकाचंही उत्तर आलं नाही. पचेको सोडून गेला.

इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. थांबवण्याचा प्रयत्न ज्यांनी केला ते दोघे खासगी माणसं होती, एक डॉक्टर आणि एक लढती जुळवणारा. त्यांच्या हातात एवढंच होतं की स्वतः बाजूला व्हायचं. ज्यांच्या हातात परवाना होता, त्यांनी काहीच केलं नाही.

त्यानंतर फेब्रुवारी 1978 मध्ये सातच व्यावसायिक लढती अंगावर असलेल्या लिऑन स्पिंक्सकडून पराभव, सप्टेंबरमध्ये त्याच्याकडूनच किताब परत, तिसऱ्यांदा विश्वविजेता, आणि 1979 मध्ये निवृत्ती. सुंदर शेवट होता तो.

जानेवारी 1980 मध्ये अली भारतात आला. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये त्याने भारतीय लष्करातल्या कौर सिंगशी प्रदर्शनीय लढत केली. पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यातल्या या जवानाने दोनच वर्षांनी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत हेवीवेटचं सुवर्ण मिळवलं. आपल्याकडे लोक अलीला पाहायला लोटले ते साहजिकच होतं. आपल्याला दिसला तो विनोद करणारा, मुलांना कडेवर घेणारा, थोडा जाडावलेला निवृत्त विजेता. तो मद्रासमध्ये असतानाच अध्यक्ष कार्टर यांचा निरोप आला: मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकण्यासाठी आफ्रिकी देशांचं मन वळवायला जा. अमेरिकी सरकारचं विमान त्याला तिथूनच घेऊन गेलं. म्हणजे ज्या देशाने 1967 मध्ये त्याला देशद्रोही ठरवून घरी बसवलं, त्याच देशाला 1980 मध्ये तो दूत म्हणून हवा होता. तो दौरा फसला, तो भाग वेगळा. पण अलीचा उपयोग काय, हे नेहमी दुसरंच कुणीतरी ठरवत आलं, हे तिथेही दिसतं.

आणि काही महिन्यांत मेयो क्लिनिक.

होम्सविरुद्धच्या लढतीसाठी अलीशी ठरलेला आकडा 80 लाख डॉलर्सचा होता. त्या आकड्याभोवती प्रमोटर डॉन किंग होता, लास व्हेगासचा सीझर्स पॅलेस होता, टीव्हीवाले होते, अलीवर पोट भरणारा गोतावळा होता. वजन उतरवायला आणि अंगात चपळाई आणायला म्हणून एका डॉक्टरने त्याला थायरॉइडच्या गोळ्या दिल्या, ज्या त्याने ठरल्यापेक्षा जास्त घेतल्या. अली छान बारीक झाला, केसही काळे केले, फोटोत दहा वर्षांनी लहान दिसू लागला. 2 ऑक्टोबर 1980 च्या रात्री रिंगमध्ये त्याच्या अंगात काहीच नव्हतं. तिन्ही पंचांच्या कागदावर सगळ्या फेऱ्या होम्सच्या. होम्स कधीकाळी त्याच्याच तळावरचा सरावातला जोडीदार. तो पंचाकडे बघत होता, थांबवा म्हणून. दहाव्या फेरीनंतर कोच अँजेलो डंडीने थांबवली. कॉर्नरमधला दुसरा माणूस, ड्रू बंडिनी ब्राऊन, अजून एक फेरी द्या म्हणून अडून बसला होता. नंतर किंगने ठरल्यापेक्षा सुमारे 11 लाख 70 हजार डॉलर्स कमी दिले. अलीने दावा लावला आणि तो दावा पुढे 50 हजार डॉलर्स रोख घेऊन मिटवला. बॉक्सिंगच्या धंद्याची ओळख करून द्यायला एवढा हिशेब पुरे.

तरीही 11 डिसेंबर 1981 ला तो आणखी एकदा उतरला, बहामाजमध्ये नासाऊला, ट्रेव्हर बर्बिकविरुद्ध. फेरीची घंटा म्हणून तिथे गाईच्या गळ्यातली घंटा वाजवली गेली. पुन्हा तीच पळवाट: एका ठिकाणी दार बंद झालं की दुसऱ्या ठिकाणी उघडं सापडतं. अली हरला आणि मग खरंच थांबला. त्याच्या पाच पराभवांपैकी तीन शेवटच्या चार लढतींतले आहेत.

1984 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी पार्किन्सनची लक्षणं असल्याचं निदान केलं. ती बॉक्सिंगमुळे आली का? यावर मी छातीठोकपणे बोलणार नाही, कारण डॉक्टरांतच एकमत नाही. त्याच्यावर अनेक वर्षं उपचार करणाऱ्या मेंदूतज्ज्ञांनी 2022 मध्ये लिहिलं की त्याची लक्षणं आणि औषधाला मिळालेला प्रतिसाद पाहता हा इतरांना होतो तोच पार्किन्सन असावा. मृत्यूनंतर मेंदू तपासला गेला नाही, त्यामुळे अंतिम पुरावा नाही. बॉक्सिंगचे समर्थक या निष्कर्षावर सुटकेचा निःश्वास टाकतात. मला त्यात सुटका दिसत नाही. माझा आक्षेप 1984 च्या निदानावर उभाच नाही, तो 1980 च्या कागदावर उभा आहे. आजार कशानेही आलेला असो, लक्षणं तेव्हा लिहून ठेवलेली होती. उलट, आजार स्वतंत्रपणे सुरू झाला असेल तर आजारी माणसाला होम्सपुढे उभं केलं, असा त्याचा अर्थ होतो. त्याने जबाबदारी कमी होत नाही. पुढे अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी अलीच्या जुन्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण मोजून पाहिलं. चाळिशीच्या आतच त्याचा बोलण्याचा वेग सुमारे एक चतुर्थांशाने उतरला होता, आणि शेव्हर्सच्या लढतीनंतर तर ठळकपणे. ज्या तोंडाने जग हसवलं, चिडवलं, यमकं जुळवली, त्या तोंडाचा वेग सगळ्यांसमोर, टीव्हीवर, वर्षागणिक कमी होत होता.

आता सर्वांत मजबूत आक्षेप घेऊ. अली सज्ञान होता. त्याला कुणी बांधून नेलं नाही. आपल्या शरीराचं काय करायचं हे त्याने ठरवावं, आणि त्याने ठरवलं. आयुष्याच्या शेवटापर्यंत त्याने बॉक्सिंगबद्दल पस्तावा केल्याचं दिसत नाही. मग सरकारी बाबूने मध्ये पडायचं कारण काय? हा युक्तिवाद मला हलका वाटत नाही. पुण्यात हेल्मेटसक्तीचा विषय काढून पाहा, म्हणजे स्वतःचं डोकं फोडून घेण्याच्या हक्कावर माणूस किती तन्मयतेने बोलू शकतो ते कळेल. आणि अलीच्या बाबतीत तर त्याला एक बोचरी धार आहे. एकदा गोऱ्या अधिकाऱ्यांनी या काळ्या माणसाला ‘तू लढायचं नाहीस’ म्हणून सांगितलं होतं आणि ते ढळढळीत अन्यायी ठरलं. त्याच पठडीतल्या अधिकाऱ्यांनी पुन्हा तेच सांगायचं? नेवाडाच्या कमिशनवर या इतिहासाचं किती दडपण होतं हे कागदावर सापडणार नाही, पण ते नव्हतंच असं मानायला मन तयार होत नाही. अधिकाराचा एकदा बेशरम गैरवापर झाला की योग्य वेळी तो वापरण्याची हिंमतही जाते. 1967 ने 1980 मधलं नुकसान दोनदा केलं: पाय काढून घेतले, आणि अडवणाऱ्याची पतही.

पण स्वातंत्र्याच्या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की निर्णय घेणारं डोकं शाबूत आहे. इथे प्रश्न त्याच डोक्याचा आहे. न्यू जर्सीच्या हॅरिसन मार्टलँड या शवचिकित्सकाने 1928 मध्येच लिहून ठेवलं होतं की वारंवार ठोसे खाल्लेल्या बॉक्सरांचं चालणं, बोलणं आणि विचार करणं बिघडतं. ज्या अवयवाने धोका ओळखायचा तोच अवयव झिजत असेल तर ‘त्याची मर्जी’ म्हणून हात झटकता येत नाहीत. शिवाय मर्जी एकट्याची कधीच नसते. अली थांबला असता तर पगार कुणाकुणाचे थांबले असते?

यावर कुणी एडी फचचं नाव घेईल. तोही फ्रेझरच्या कमाईतूनच पैसे घेत होता, तरी त्याने एका फेरीवर आलेली लढत सोडली. खरं आहे, आणि मनिलातला खरा मोठा माणूस मला तोच वाटतो. पण फच दर कॉर्नरमध्ये बसत नाही. डंडीही चांगला माणूस होता; त्याने दहाव्या फेरीनंतर थांबवली, पण पहिल्या फेरीआधी तो अलीला थांबवू शकला नाही. नियम करायचे ते फच नसताना काय होतं हे बघून.

वय हा निकष नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. फोरमनने नोव्हेंबर 1994 मध्ये 45 व्या वर्षी विश्वविजेतेपद परत मिळवलं. हौशी बॉक्सिंगमध्ये 40 ची मर्यादा आहे, मेरी कोमला तिनेच अडवलं, आणि आपण अजून लढू शकतो ही तिची तक्रार मला खोटी वाटत नाही. जन्मतारीख वाचायला सोपी असते म्हणून मंडळांना ती आवडते. मेंदूचा अहवाल वाचायचा तर काहीतरी ठरवावं लागतं.

जेरी क्वॉरीचं काय झालं ते बघा. 1970 मध्ये अटलांटात अलीसमोर उभा राहिलेला तोच. 1983 च्या सुमाराला त्याच्या मेंदूला इजा झाल्याचं तपासणीत दिसलं होतं, मासिकात छापूनही आलं होतं. 1992 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी, तो पुन्हा रिंगमध्ये उतरला. कुठे? कोलोरॅडोत. तिथे तेव्हा बॉक्सिंग कमिशन नव्हतं. 3 जानेवारी 1999 ला तो गेला तेव्हा 53 वर्षांचा होता आणि काही वर्षं आधीपासून त्याला स्वतःचे कपडेही नीट घालता येत नव्हते. फ्लॉइड पॅटरसनची गत तर कल्पनेतही सुचली नसती. दोनदा हेवीवेट विश्वविजेता राहिलेला पॅटरसन 1995 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅथलेटिक कमिशनचा अध्यक्ष झाला. हो, ज्या कमिशनने अलीचा परवाना काढला होता तेच. 1998 मध्ये एका खटल्यात त्याची साक्ष घेताना वकिलांच्या लक्षात आलं की त्याला आपल्या गाजलेल्या लढतींचे साधे तपशीलही आठवत नाहीत. त्याने राजीनामा दिला. बॉक्सरांचं डोकं शाबूत आहे की नाही हे ठरवणाऱ्या संस्थेच्या खुर्चीत तोपर्यंत तो बसला होता.

आणि आपण, बघणारे? 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकची ज्योत अलीने थरथरत्या हाताने पेटवली, तेव्हा आपल्याकडे सकाळ होती. डोळे न पाणावलेला माणूस विरळाच. त्या क्षणाचं मोल मी नाकारत नाही. आजार लपवून न ठेवता जगासमोर उभं राहणं हे धैर्यच होतं आणि पार्किन्सनच्या असंख्य रुग्णांना त्याने बळ दिलं. पण त्या अश्रूंनी एक हिशेब परस्पर मिटवून टाकला. ज्यांनी सही केली, ज्यांनी पैसे गुंतवले, ज्यांनी तिकिटं काढली, ते सगळे त्या दिवशी एकत्र रडले आणि मोकळे झाले. आपल्याकडची क्रीडा पत्रकारिताही यात मागे नाही. रक्त येऊनही लढत राहिला, बोट मोडूनही उतरला, हे ठळक मथळ्यात. कोचने वेळेत परत बोलावलं, ही बातमी कधी मथळ्यात आलेली मला आठवत नाही.

अमेरिकेने 2000 साली अलीच्या नावाने कायदा केला. नाव मोठं, काम मर्यादित: करारांत पारदर्शकता हवी, प्रमोटर आणि व्यवस्थापक यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले नसावेत. डॉन किंगसारख्यांना वेसण घालायला तो हवाच होता. पण देशभरासाठी एकच कमिशन, एका राज्याने अडवलेला माणूस दुसऱ्या राज्यात उतरणार नाही अशी पक्की तटबंदी, हे त्यातून आलं नाही. सिनेटर जॉन मॅकेन वर्षानुवर्षं त्यामागे लागले होते, तरी संसदेतून ते पार झालं नाही. अलीच्या नावाचा कायदा अलीच्या खिशाची काळजी घेतो, डोक्याची फारशी नाही.

कायद्याने काय साधू शकतं याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. 21 सप्टेंबर 1991 ला लंडनमध्ये ख्रिस युबँकविरुद्धच्या लढतीत मायकेल वॉटसन कोसळला. रिंगपाशी मेंदूच्या दुखापतीवर तातडीने उपचार करण्याची सोय नव्हती, आणि त्याला आधी नेलं गेलं त्या रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नव्हती. 40 दिवस तो बेशुद्ध होता. त्याने खटला भरला तो प्रतिस्पर्ध्यावर नव्हे, प्रमोटरवरही नव्हे. त्याने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डावर भरला आणि जिंकला. न्यायालयाने म्हटलं ते थोडक्यात असं: नियम तुम्ही करता, परवाना तुम्ही देता, तेव्हा वैद्यकीय व्यवस्थेची जबाबदारीही तुमची. भरपाई द्यायला बोर्डाला आपली इमारत विकावी लागली. वॉटसनच्या दुर्घटनेनंतर नियम बदलत गेले होते, आणि 1998 मध्ये स्पेन्सर ऑलिव्हर रिंगमध्ये कोसळला तेव्हा भूलतज्ज्ञ जागेवर हजर होता. ऑलिव्हर वाचला.

आपल्याकडे याची फिकीर आता करायची वेळ आहे. विजेंदर सिंगने 2015 मध्ये व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पाऊल टाकल्यापासून हा धंदा भारतात रुजू पाहतो आहे. हौशी बॉक्सिंगमध्ये निदान नियम आहेत: डोक्यावरच्या ठोशांनी लढत थांबली तर ठरावीक काळ सक्तीची विश्रांती, पुन्हा तसं झालं तर ती वाढते. प्रत्येक जिल्हा स्पर्धेत ते पाळले जातात का, हे स्पर्धेला जाऊन विचारावं. धंद्यात उतरलेल्या मुलासाठी मात्र प्रश्न उघडाच आहे. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यावर बरीच चर्चा झाली, ती महासंघांच्या निवडणुका, क्रीडा मंडळ, लवाद यांभोवती. ठोसे खाल्लेल्या डोक्याची जबाबदारी कुणाची, हा विषय मला तिच्यात दिसला नाही. भिवानीच्या नाहीतर इंफाळच्या मुलाला एका राज्यातल्या डॉक्टरने थांबवलं आणि तो पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात दुसऱ्या प्रमोटरच्या कार्यक्रमात उतरला, तर ते कुणाला कळणार आहे? बंदी घालावी असं मी म्हणत नाही. स्वीडन आणि नॉर्वेने व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी घालून पाहिली आणि काही दशकांनी उठवली. माझी मागणी छोटी आहे. तपासणारा डॉक्टर प्रमोटरच्या पैशावर नको. त्याचा नकार बॉक्सरच्या नोंदपुस्तिकेत जावा आणि ती पुस्तिका देशभर चालावी. नकार बदलायचा तर दुसऱ्या डॉक्टरने बदलावा, तिकीटविक्री बघून कुणी बदलू नये.

असं झालं तर काही लढती होणार नाहीत, हे मान्य करूनच बोललं पाहिजे. होम्सविरुद्धची झाली नसती. बर्बिकविरुद्धची नाही. त्यांच्याबद्दल कुणाला हळहळ वाटणार नाही. पण एखाद्या कडक डॉक्टरने अलीला मनिलाच्या आधीच थांबवलं असतं तर? फ्रेझरचा डावा डोळा तर त्या लढतीच्या कितीतरी आधीपासून अधू होता, तपासणी काटेकोर असती तर तोही उतरला नसता. शतकातली सर्वांत थोर लढत म्हणतात ती झालीच नसती. माझ्या युक्तिवादाची किंमत तिथवर जाते. ती द्यायला हवी असं मला वाटतं, आणि तरीही ती चौदावी फेरी मी अजून पुन्हा पुन्हा लावून बघतो.